अन्नसार्वभौमत्वाच्या जाहीरनाम्याची मराठी पुस्तिका कोणालाही छापता यावी, यासाठी हक्कांचं पान कसं लिहायचं?

बांधकरी यांचा प्रश्न

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १७ डिसेंबर २०१८ रोजी शेतकरी आणि ग्रामीण भागात राबणाऱ्या इतर लोकांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला (ठराव ७३/१६५, बाजूने १२१, विरोधात ८, तटस्थ ५४). त्यात २८ कलमं आहेत. १५व्या कलमात अन्नसार्वभौमत्व (काय आणि कसं पिकवायचं हे पिकवणाऱ्यानेच ठरवणं) येतं आणि १९व्यात बियाण्याचा हक्क. याची ६४ पानी, ए-५ आकाराची मराठी पुस्तिका तयार होत आली आहे. आत काय काय आहे ते सांगतो:

– जाहीरनाम्याचा पूर्ण अनुवाद, तिघांनी मिळून केलेला
– पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ मधलं कलम ३९ (शेतकऱ्यांचे हक्क) आणि त्याचं सोप्या भाषेतलं विवेचन
– दोन शासन निर्णयांतले उतारे
– बियाण्यावरच्या जात्यावरच्या काही ओव्या, सात फोटो, एक नकाशा
– गावातल्या जुन्या वाणांची यादी, कोणाकडे काय आहे यासह

कोणीही याची झेरॉक्स काढावी, ग्रामसभेत वाचावी, अहिराणीत-कोरकूत करावी, छपाईचा खर्च काढायला विकावी. फक्त मजकूर फिरवून तो आमच्या गटाच्या नावावर खपवू नये. कोणी म्हणतं ‘सर्व हक्क मुक्त’ एवढं छापा, कोणी म्हणतं ‘बदल करण्यास मनाई’ टाका, तर कोणी ‘विक्रीस मनाई’. नेमकं काय लिहावं?

हक्कनोंद यांचं उत्तर

सगळ्या पुस्तिकेवर एकच शिक्का मारता येणार नाही. तुमच्या यादीतल्या प्रत्येक गोष्टीचा मालक वेगळा आहे. जे आपलं आहे त्याचाच परवाना आपण देऊ शकतो, त्यामुळे आधी मालकी वेगळी करू.

जाहीरनाम्याचा मूळ पाठ: संयुक्त राष्ट्रांचे दस्तऐवज-क्रमांक असलेले अधिकृत कागद, म्हणजे ठरावसुद्धा, त्यांच्याच १९८७ च्या प्रशासकीय सूचनेप्रमाणे पब्लिक डोमेनमध्ये, म्हणजे कोणालाही वापरायला खुले असतात. अनुवादाला परवानगी लागत नाही. पण त्यांचं बोधचिन्ह यात येत नाही. ‘बोधचिन्हे आणि नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५०’ च्या अनुसूचीत संयुक्त राष्ट्रांचं नाव आणि चिन्ह दोन्ही आहेत. आत ‘संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा’ असा उल्लेख केल्याने काही बिघडत नाही, मात्र मुखपृष्ठावर ती निळी पृथ्वी आणि ऑलिव्हच्या डहाळ्या टाकू नका. अशोकस्तंभाचंही तेच. २००५ च्या राजचिन्ह कायद्याखाली, कागद सरकारी आहे असा भास होईल असा वापर केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कायद्याची पुस्तिका म्हटलं की डिझायनर सवयीने सिंह बसवतात. प्रूफ तपासताना पहिल्यांदा तेच बघा.

तुमचा अनुवाद: ही स्वतंत्र कृती आहे, तिचा कॉपीराइट तिघा अनुवादकांचा. परवाना या अनुवादावर बसतो. हक्कांच्या पानावर हे वेगळं सांगा, नाहीतर मूळ जाहीरनाम्यावरही तुमचा हक्क आहे असा अर्थ निघतो.

कलम ३९: कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२(१)(थ) नुसार (इंग्रजी पाठात तो क्यू खंड) कायद्याचा मजकूर छापता येतो, मात्र सोबत भाष्य किंवा स्वतःचा मजकूर असला पाहिजे. तुमच्याकडे विवेचन आहे, म्हणजे अट पुरी झाली. उद्या कोणी विवेचन काढून नुसतं कलम छापलं तर ही सवलत त्याला मिळणार नाही, तेव्हा विवेचन परिशिष्टात न ढकलता कलमाला लागूनच ठेवा. कलमाचा मराठी अनुवाद तुम्ही स्वतः केला असेल, तर पुढचा खंड लागू होतो: सरकारचा मराठी अनुवाद निघालेलाच नसेल किंवा निघून विक्रीला उपलब्ध नसेल तरच आपला छापता येतो, आणि ‘हा अनुवाद शासनाने प्राधिकृत केलेला अथवा अधिकृत म्हणून स्वीकारलेला नाही’ हे ठळक जागी लिहावं लागतं. ठळक जागा म्हणजे त्या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर, शीर्षकाखाली. प्राधिकृत मराठी पाठ हाती असेल तर स्वतःचा अनुवाद करूच नका, तोच घ्या.

शासन निर्णय: इथे बहुतेकांची चूक होते. जीआर सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो म्हणून तो मुक्त असतो असं नाही. राजपत्रात छापलेल्या मजकुराला सवलत आहे. जीआर राजपत्रात आलेलाच असेल असं नसतं, आणि सरकारी कृतीचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणून पूर्ण जीआर न छापता लागेल तेवढा उतारा घ्या, त्यावर तुमचं म्हणणं लिहा, आणि खाली विभाग, क्रमांक, दिनांक व संकेतांक द्या. संकेतांक असला की वाचक मूळ प्रत दोन मिनिटांत काढतो.

ओव्या: परंपरेने आलेल्या ओवीवर कोणाची मालकी नाही. पण एखाद्या छापील संग्रहातून निवड आणि क्रम जसाच्या तसा उचलला तर संपादकाचा हक्क आड येतो. ध्वनिमुद्रणावरून उतरवल्या असतील तर ते मुद्रण पुस्तिकेसोबत वाटू नका. गाणारीचा हक्क ५० वर्षं, ध्वनिमुद्रणाचा ६०.

नकाशा: भारताच्या सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळत नसतील तर १९६१ च्या फौजदारी कायदा (सुधारणा) अधिनियमाखाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. परदेशी संकेतस्थळांवरच्या तयार नकाशांमध्ये जम्मू-काश्मीरची रेघ हमखास तुटक असते. देशाचा नकाशा खरंच लागतोय का? तालुक्याचं हाताने काढलेलं रेखाटन पुरत असेल तर तेच बरं.

आता परवाना. माझं मत स्पष्ट आहे: तुमचा अनुवाद, विवेचन आणि मांडणी यांना क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देश-समवितरण ४.० आंतरराष्ट्रीय, म्हणजे सीसी बाय-एसए ४.० द्या. हा एक तयार परवाना आहे: श्रेय दिलं आणि बदललेली आवृत्ती याच परवान्याखाली दिली, की कोणीही मजकूर वापरू शकतो.

‘सर्व हक्क मुक्त’ या तीन शब्दांतून कायद्याला काहीच कळत नाही. छापायला मुभा की बदलायलाही? विकायला? कॉपीराइट खरंच सोडायचा असेल तर कॉपीराइट अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे कॉपीराइट निबंधकांना विहित नमुन्यात किंवा जाहीर सूचना देऊन सोडावा लागतो. तो सोडला तरी कलम ५७ खालचे लेखकाचे नैतिक हक्क (श्रेय मिळण्याचा, मजकुराची मोडतोड रोखण्याचा) उरतातच.

पाटीपेन्सिल

‘बदल करण्यास मनाई’ का नको, ते अनुवादाच्या बाजूने सांगते. त्या अटीखाली कोणी कोरकू अनुवाद घरात करून ठेवू शकेल, पण वाटू शकणार नाही. कारण अनुवाद हाच कायद्याने बदल ठरतो. म्हणजे जे व्हावं म्हणून पुस्तिका काढताय, तेच तुम्ही अडवाल. आकाशवाणीसाठी संवादरूप करणं, शाळेसाठी सोपं करणं, दोन कलमांची भित्तिपत्रं करणं, हे सगळंही अडेल.

मजकूर फिरवून तुमच्या नावावर खपवण्याची भीती खरी आहे, पण तिची तरतूद बाय-एसए ४.० मध्येच आहे. बदल केला असेल तर तसं लिहिणं बंधनकारक आहे. मूळ लेखकांचा पाठिंबा असल्याचं भासवता येत नाही. शिवाय एखाद्या बदललेल्या आवृत्तीवर आपलं नाव नको असेल तर तुम्ही ते काढायला सांगू शकता आणि त्यांना शक्य तितकं काढावं लागतं. याच्या जोडीला एक काम तुम्ही करा. प्रत्येक आवृत्तीला क्रमांक आणि दिनांक द्या, ‘आवृत्ती १.०’ असं, आणि ‘गटाचा अधिकृत पाठ तोच, जो अमुक ठिकाणी ठेवला आहे’ हे वाक्य छापा. गटाचं नाव आणि चिन्ह परवान्याच्या बाहेर आहे, हेही लिहा. खरा पाठ कोणता हे चटकन दाखवता आलं की फिरवलेला मजकूर उघडा पडतो. मनाईने तो थांबत नाही, कारण फिरवणारा परवाना वाचून फिरवत नसतो.

आता अनुवादातल्या तीन जागा तपासा. पुस्तिका मुक्त केली की तुमची चूकही मोकळेपणाने पसरते, आणि छापील प्रती परत बोलावता येत नाहीत.

पहिली, ‘स्टेट्स’. याचं ‘राज्ये’ केलं की मराठी वाचकाला महाराष्ट्र, गुजरात, तेलंगण दिसतात. इथे अर्थ आहे सार्वभौम देश. ‘राष्ट्रे’ किंवा ‘सदस्य देश’ यांपैकी एक निवडा आणि २८ही कलमांत तेच ठेवा.

दुसरी, कलम १५ मधलं चौथं उपकलम. त्यात आपली अन्न आणि शेती व्यवस्था ठरवण्याचा हक्क सांगून पुढे म्हटलंय की अनेक देश आणि प्रदेश यालाच अन्नसार्वभौमत्वाचा हक्क म्हणून मान्यता देतात. उत्साहाच्या भरात हा अर्धा भाग गळतो आणि ‘संयुक्त राष्ट्रांनी अन्नसार्वभौमत्वाचा हक्क दिला’ असं वाक्य तयार होतं. मूळ तसं नाही. आणि ‘अन्नसुरक्षा’ हा शब्द इथे चालणार नाही. सुरक्षा म्हणजे पोटाला मिळणं. सार्वभौमत्व म्हणजे काय पिकवायचं, कसं पिकवायचं, हे पिकवणाऱ्याने ठरवणं.

तिसरी, कलम १९. तिथे देशांवर तीन वेगळी कर्तव्यं टाकली आहेत: बियाण्याच्या हक्काचा आदर करणे, त्याचे संरक्षण करणे, त्याची पूर्तता करणे. ‘हक्क जपणे’ या एका क्रियापदात तिन्ही गुंडाळू नका. आदर म्हणजे सरकारने स्वतः आड न येणं, संरक्षण म्हणजे दुसऱ्याला आड येऊ न देणं, पूर्तता म्हणजे मिळेल अशी व्यवस्था करणं.

संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत मराठी नाही, म्हणून ‘अनधिकृत अनुवाद, शंका आल्यास मूळ पाठ ग्राह्य’ ही ओळ मुखपृष्ठाच्या मागच्या पानावर हवी.

बांधकरी

अशोकस्तंभ खरंच होता मुखपृष्ठावर, काढला. दोन शंका उरतात. ‘विक्रीस मनाई’ नसेल तर एखादा प्रकाशक चकचकीत करून महाग विकेल, त्याचं काय? आणि तिघा अनुवादकांपैकी एक आता गटात नाहीत. तोंडी ‘हो’ म्हणाले आहेत, ते चालेल का?

हक्कनोंद

विक्रीबद्दल. ‘नॉन-कमर्शियल’ची व्याख्या ‘प्रामुख्याने व्यापारी फायद्यासाठी किंवा पैशाच्या मोबदल्यासाठी नसलेला वापर’ अशी आहे. यातला ‘प्रामुख्याने’ कुठून सुरू होतो हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. बाजाराच्या दिवशी दहा रुपयांना पुस्तिका विकणारा बचत गट, खर्च भरून काढणारा झेरॉक्सवाला, शुल्क घेऊन प्रशिक्षण देणारी संस्था, सगळे बिचकतात. घाबरून मागे सरतात ते नेमके तुमचेच लोक. शिवाय विक्रीबंदी किंवा बदलबंदी असलेला मजकूर विकिमीडिया कॉमन्स (विकिपीडियाला जोडलेलं मुक्त फाइलींचं भांडार) स्वीकारत नाही. आणि ज्याची फुकट प्रत एका टिचकीवर आहे, तिच्यावर फार किंमत लावता येत नाही. प्रकाशकाने भर घालून नवी आवृत्ती काढलीच तर समवितरणामुळे तीही याच परवान्याखाली द्यावी लागते, म्हणजे ती तुम्हीही छापू शकता.

तोंडी ‘हो’ चालणार नाही. संयुक्त कृतीत प्रत्येकाची संमती लागते आणि परवाना लेखी असावा लागतो. पत्र अर्ध्या पानाचं पुरे, पण त्यात मुदत आणि क्षेत्र लिहायला विसरू नका. कॉपीराइट अधिनियमाच्या कलम १९ नुसार मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, क्षेत्र लिहिलं नसेल तर फक्त भारत, आणि दिलेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर तो संपल्याचं मानतात. कलम ३०क मुळे हेच नियम परवान्यालाही लागतात. म्हणून असं लिहा:

‘अमुक जाहीरनाम्याच्या मराठी अनुवादातील माझा वाटा क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देश-समवितरण ४.० आंतरराष्ट्रीय परवान्याखाली प्रसिद्ध करण्यास माझी संमती आहे. ही संमती कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी आहे आणि एका वर्षात वापर न झाल्यास ती संपणार नाही. हा परवाना मागे घेता येत नाही हे मला समजले आहे. माझे नाव असे छापावे: ______.’

खाली सही, तारीख, गाव. शेवटची ओळ महत्त्वाची आहे, काहींना नाव नको असतं. फोटो काढणाऱ्यांकडून असंच पत्र घ्या. फोटोत दिसणाऱ्या माणसांची परवानगी मात्र वेगळी घ्यावी लागते, कारण क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना त्यांच्या खासगीपणाला हात लावत नाही.

उभी_मांडणी

एसएला, म्हणजे समवितरणाच्या अटीला, माझा थोडा विरोध आहे. नुसतं श्रेयनिर्देश, म्हणजे सीसी बाय, पुरे. समवितरण ठेवलं की दैनिकं छापायला कचरतात, सगळा अंक मुक्त करावा लागेल म्हणून.

हक्कनोंद

तो गैरसमज आहे. लेख जसाच्या तसा अंकात घेतला तर तो संग्रह झाला, अंकावर परवान्याचा परिणाम होत नाही. मजकुरात बदल केला तर तेवढाच बदललेला मजकूर बाय-एसए राहतो. अडचण खरी येते ती विक्रीबंदी-समवितरणवाला मजकूर यात मिसळून एकच नवा मजकूर करताना. ते दोन परवाने जुळत नाहीत. अन्न आणि कृषी संघटनेच्या पुस्तकांतून तक्ते घेणार असाल तर त्या त्या पुस्तकाच्या आतल्या पानावर परवाना बघून घ्या, सगळ्यांचा एकच नसतो.

उभी_मांडणी

मान्य, अंकाबाबतचं माझं म्हणणं मागे घेतो. आता मांडणीबद्दल, कारण परवाना कितीही मोकळा असो, फाइलमधून मजकूर निघाला नाही तर पुनर्वापर होणार नाही.

श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये मजकूर जुळवला असेल तर पीडीएफमधून कॉपी केल्यावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी मिळते. मजकूर युनिकोडमध्ये आणा. परिवर्तकावर विसंबू नका, रूपांतरानंतर रफार आणि पाऊण य हमखास तपासा. ‘राबणाऱ्या’चं ‘राबणार्या’ होतं. तुमच्या पुस्तिकेच्या नावातच हा शब्द आहे.

युनिकोडमध्ये असूनही पीडीएफ फसते. अंतिम पीडीएफ उघडून ‘सार्वभौमत्व’ शोधा. सापडलं नाही, तर तो शब्द कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. बहुधा ‘सावर्भौमत्व’ दिसेल, रफार एक घर पुढे सरकलेला. याचं कारण, पीडीएफमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने ठेवली जातात, उच्चाराच्या क्रमाने नाही. म्हणून पीडीएफसोबत मूळ ओडीटी किंवा डॉकएक्स फाइलही ठेवा. ज्याला अहिराणीत करायचंय त्याला तीच लागते. फॉन्ट मुक्त परवान्याचा घ्या: ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट, बालू, नोटो सान्स देवनागरी. सगळे फुकट मिळतात आणि दुसऱ्याच्या संगणकावर मांडणी मोडत नाही.

छापील प्रतीसाठी एक गोष्ट. गावात अख्ख्या पुस्तिकेची झेरॉक्स कोणी काढत नाही, हवं ते एक पान काढतात. हक्कांचं पान मागेच राहतं आणि सुटा कागद निनावी फिरतो. म्हणून प्रत्येक पानाच्या तळाला ७ पॉइंटमध्ये एक ओळ द्या: पुस्तिकेचं नाव, आवृत्ती १.०, गटाचं नाव, सीसी बाय-एसए ४.०. कडेपासून निदान १२ मिमी आत, नाहीतर झेरॉक्समध्ये तीच कापली जाते. ६४ पानं चारने भागली जातात, तेव्हा मधोमध पिना मारून होईल. कागद ७० जीएसएमच घ्या, जाड घेतला तर पुस्तिका मिटत नाही.

रानभाजी

वाणांच्या यादीबद्दल कोणीच बोललं नाही, आणि मला काळजी तिचीच वाटते. कोणत्या घरात कोणतं वाण, कोणाला कोणतं औषधी झाड माहीत, ही माहिती एकदा बाय-एसएखाली बाहेर गेली की परत घेता येत नाही. कॉपीराइटचा परवाना शब्दांना लागतो. बियाण्याला नाही, त्यामागच्या ज्ञानालाही नाही. म्हणजे तुमची समवितरणाची अट त्या ज्ञानाचं रक्षण करणार नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२ खाली गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असते. ही नोंद तिथे जावी आणि बाहेर काय द्यायचं ते समितीने ठरवावं. सार्वभौमत्वावरच्या पुस्तिकेतच गावाचा तो निर्णय गावाला न विचारता आपण घेऊन टाकणं बरोबर नाही.

पुस्तिकेत वाणाचं नाव, पेरणीचा हंगाम आणि ठळक गुण एवढंच ठेवा. माणसांची नावं, घरं, औषधी वापराची रीत काढा. आणि कलम ३९ च्या विवेचनात एक मर्यादा नीट सांगा: संरक्षित वाणाचंही बियाणं शेतकरी राखू शकतो, पेरू शकतो, पुन्हा पेरू शकतो, देवघेव करू शकतो, विकू शकतो. पण संरक्षित वाणाच्या नावाचं लेबल लावून, पाकीटबंद करून विकता येत नाही. बीजमेळ्यात हौसेने रंगीत पाकिटं केली जातात, तिथे नेमकं हेच नडू शकतं.

बांधकरी

वाणांची यादी पुस्तिकेतून काढून टाकली. समितीच्या बैठकीत ठेवतो. हक्कांच्या पानाचा मसुदा असा झालाय:

‘मूळ जाहीरनामा (संयुक्त राष्ट्रे आमसभा, ठराव ७३/१६५, १७ डिसेंबर २०१८) सार्वजनिक आहे, त्यावर आमचा हक्क नाही. हा मराठी अनुवाद अनधिकृत आहे. शंका आल्यास मूळ पाठ ग्राह्य. अनुवाद व विवेचन क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देश-समवितरण ४.० आंतरराष्ट्रीय परवान्याखाली उपलब्ध आहे. कोणीही छापावे, वाटावे, विकावे, अनुवाद करावा, बदलावे. अट एवढीच: श्रेय द्यावे, बदल केल्यास तसे लिहावे आणि नवी आवृत्ती याच परवान्याखाली द्यावी. गटाचे नाव व चिन्ह, तसेच पृष्ठ ४१ वरील शासन निर्णयांचे उतारे या परवान्यात नाहीत. आवृत्ती १.०.’

हक्कनोंद

चांगलं झालंय. तीन दुरुस्त्या. एक, परवान्याच्या पानाचा पूर्ण पत्ता अक्षरांत छापा, नुसता क्यूआर नको, झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये तो वाचला जात नाही. दोन, फोटो कोणत्या परवान्याखाली आहेत ते आलेलं नाही. एखादा फोटो कॉमन्सवरून घेतला असेल तर त्याचं श्रेय फोटोखालीच द्या. तीन, पृष्ठ क्रमांक आत्ता लिहू नका. यादी काढल्यामुळे पानं सरकतील आणि ४१वर ओव्या येतील. ‘शासन निर्णयांचे उतारे’ एवढंच लिहा.

पाटीपेन्सिल

आणि ‘बदलावे’च्या आधी ‘ब्रेलमध्ये उतरवावे, ध्वनिमुद्रित करावे’ हे घाला. अपंग वाचकांसाठी सुलभ प्रत काढायला कायद्यात तशीही मोकळीक आहे, पण छापलेलं दिसलं की करणाऱ्याला पुन्हा विचारावं लागत नाही.